ताईचे शॉर्टकट

ताई गेली आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्याच खुर्चीत तिची धाकटी बहीण, ठकू, येऊन बसली. एक्स-रे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट टाईप करायची खोली ती. तीन टेबलं, एक खिडकी, आणि दिवसभर कानात डॉक्टरांचा घोगरा आवाज. रोजचे चाळीस रिपोर्ट झाले तर नोकरी, नाहीतर घरचा रस्ता.

पहिल्या दिवशी ठकूचे अकरा झाले, तेही रडतखडत.

"अगं, एकेक अक्षर काय वेचत बसलीस?" समोरच्या टेबलवरच्या काकू करवादल्या. "तुझ्या बहिणीने शॉर्टकट करून ठेवलेत. 'फु' मार आणि स्पेस दे."

ठकूने दिली. 'दोन्ही फुप्फुसे स्वच्छ आहेत.' सबंध वाक्य धाडकन समोर! बाई गं, तिच्या अंगावर काटाच आला.

असे किती असतील, देव जाणे. यादी उघडायला ताईचा पासवर्ड लागे, आणि तो ती सोबत घेऊन गेली होती. मग ठकू चाचपडत राहिली. 'यकृ' दिलं की यकृत यायचं. 'घा' दिलं तर आलं, 'घाई करू नका, रिपोर्ट चारला मिळेल.' हे अगदी ताईचंच बोलणं, त्याच ठसक्यात! ठकू दचकून मागे बघायची. मागे नुसती भिंत. आठवड्याभरात चाळीस होऊ लागले, पण बोटं तिची आणि बोलणं ताईचं. स्वतःच्याच हातांची तिला भीती वाटायला लागली.

दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं. आईच्या आजारपणात कोण जास्त राबलं, यावरून कडाक्याचं भांडण झालेलं. ठकूने तणतणत ताईचा नंबर ब्लॉक केला, आणि ताई दारात येऊन समजूत काढेल म्हणून वाट बघत बसली. ताई काही आली नाही, ती गेल्याचा निरोपच आला. तिला माझी आठवण तरी होती का? एवढं एक कळलं असतं, तर ठकूला रात्री डोळा लागला असता.

शुक्रवारी संगणक दुरुस्त करणारा आला. "जेवणाच्या सुट्टीत हा सगळा पुसून नवा भरतो, जुनं काही राहणार नाही," म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

सगळे जेवायला उठले. ठकू हलेना. एक शब्द तिने आठवडाभर टाळला होता. अर्धवट रिपोर्टमध्येच तिने तो मारला. 'ठकू.' स्पेस.

'ठकू, जेवलीस का? राग सोड गं. फोन उचल.'

विसरलेला चष्मा घ्यायला काकू परत आल्या आणि वाचून थबकल्या.

"रोज हा मेसेज पाठवायची तुला, इथूनच, संगणकावरच्या व्हॉट्सॲपवरून. आल्या आल्या एकदा, निघताना एकदा. शेवटी म्हणाली, काकू, लिहून लिहून बोटं दुखली, याचाही शॉर्टकटच करते." काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "तुला मिळत नव्हते का गं?"

ठकूने नाही म्हणून मान हलवली. काकू गुपचूप निघून गेल्या.

कुणाच्या तरी मूत्रपिंडाच्या रिपोर्टमध्ये ते वाक्य तसंच उभं होतं. बाहेर संगणकवाल्याची पावलं वाजली. ठकूने घाईघाईने, एकेक अक्षर शोधत, खाली लिहिलं, 'अजून नाही जेवले, ताई.'

आणि पडद्याकडे डोळे लावून ती उत्तराची वाट बघत बसली.