रिक्षावरचा आवाज

मंदिर समितीचे सुशीलभाऊ फोनवर बोलायला बाहेर गेले, तेवढ्यात मी यांच्या नाकावरचा चष्माच काढून घेतला.

"वाचू नका. घसा बसला म्हणून सांगा."

"काल आरतीले माइकवर मीच होतो, मंदा. कोन मानन?"

"नाही मानलं तं नाही मानलं. आपली पोट्टी कोनासोबत राहून राहिली, माहीत आहे न तुमाले?"

"म्हनूनच तं." हे दाराकडे बघत हळूच म्हणाले. "नाही म्हटलं तं लोक विचारतीन, काहून नाही."

आमचे हे, शालिग्राम, रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते. पण इकडं हिंदी मुलखात, आमच्या गुढियारीत, यांना ओळखतात ते आवाजावरून. मंदिरातला भंडारा असो, हरवलेलं पोर असो की कुणाची मयत, आख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ते यांच्याच तोंडून कळायचं. आता दिल्लीच्या मोठ्या कोर्टात बाईनं बाईशी आणि पुरुषानं पुरुषाशी लग्न करावं की नाही, याची सुनावणी चालली होती. ते होऊ नये म्हणून समितीनं रविवारी संध्याकाळी सभा ठेवली होती. एरवी एकमेकांच्या दारचं पाणी न पिणारे झाडून सगळे धर्मगुरू एका मंचावर बसणार होते. लोकांनी हात वर करायचे, ठराव झाला की तो दिल्लीला धाडायचा. सभेचं बोलावणं यांच्या आवाजात भरून रिक्षावरच्या भोंग्यातून गल्लोगल्ली फिरवायचं ठरलं होतं. एवढी एकी पाणीटंचाईत कधी दिसली नाही मेली.

आणि आमची गंधाली शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबांध्याला, दीपमालासोबत राहत होती. दीपमाला नर्स. दोन वर्षं यांनी लेकीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. या सोमवारी मात्र आपणहून फोन केला आणि म्हणाले, "रविवारी जेवाले ये. तिलेही आन." त्या एका वाक्यावर मी तेव्हापासून जगत होते, आणि माझा सगळा जीव त्या रविवारात अडकला होता.

सुशीलभाऊ आत आले. यांनी माझ्या हातून चष्मा घेतला आणि त्यांच्या मोबाइलसमोर कागद घडाघडा वाचून टाकला. मग एवढंच म्हणाले, "तेलीबांध्याकडे रिक्षा नका पाठवू भाऊ. तितक्या दुरून कोन येते?"

"हव," सुशीलभाऊ म्हणाले.

यांना वाटलं, सुटलो. पोरीच्या दाराची काळजी घेतली, पण रविवारी पोरगी आपल्याच दारात असणार, हे या शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी दोघी स्कूटीवर आल्या. दीपमाला यांच्या पाया पडली. हे "बस बाई, बस" म्हणाले आणि स्वतः ताटं मांडू लागले. मी पाटोडीचा रस्सा केला होता. पहिल्याच घासाला दीपमालाच्या नाकातून पाणी आलं, तसे हे हसले. "आमच्या हिचा हात वर्ध्याकडचा आहे. सवय करा आता." सवय करा म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला.

"माताओं, बहनों और भाइयों! इस पाप को, इस कलंक को अपने घर की चौखट पर ही रोकिए..."

गंधालीचा घास हातातच राहिला. "पापा, ये तो आप हो."

"हव."

"किसी ने ज़बरदस्ती की?"

आता तरी हे खोटं बोलतील असं मला वाटलं. यांनी मान हलवली. "नाही. त्याइनं म्हटलं, मी वाचलं."

रिक्षा नेमकी आमच्या दाराशी थांबली. हे उष्ट्या हातानंच भरल्या ताटावरून उठले आणि बाहेर गेले. मी उंबऱ्यात आले, माझ्या मागं दोघी. सगळी गल्ली दारात उभी होती. समोरच्या अपर्णाताईंनी विचारलं, "काहून भाऊजी, काय झालं?"

बोला, मी मनातल्या मनात म्हणत होते. एकदा बोला, की माझी पोरगी आत जेवून राहिली, बंद कर हे.

यांनी अपर्णाताईंकडे पाहिलं, मग भोंग्याकडे.

"काही नाही," हे म्हणाले आणि रिक्षावाल्याकडे वळले. "आवाज थोड़ा कम कर, भैया. घर में मेहमान हैं."

गंधाली आत गेली, हात धुतले, चपला घातल्या. दीपमाला मला म्हणाली, "काकू, रस्सा खूप छान होता." गंधाली म्हणाली, "मम्मी, आप आ जाना कभी." यांच्याकडे तिनं बघितलंही नाही.

रिक्षा नुकतीच पुढं निघाली होती. आमची गल्ली अरुंद, दोन्ही अंगांना नाल्या, ओलांडून जायला जागा नाही. एक भोंगा मागच्या बाजूला तोंड करून बांधलेला होता. रिक्षा माणसाच्या चालीनं पुढं चालली होती आणि तिच्या मागं पोरींची स्कूटी. गंधालीनं एकदाही हॉर्न वाजवला नाही. थेट मेन रोडपर्यंत दोघी बापाचा आवाज तोंडावर घेत तशाच गेल्या.