गेरूचे ठिपके

पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके सत्यशीलाच काढायची. पेल्याची कड गेरूत बुडवून पाठीवर, बरगड्यांवर गोल ठसे उठवायचे, ही तिची रीत. यंदा तिच्या दिराला, कल्याणला, अचानक हौस आली. त्यानं तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि पाखऱ्याला रंगवायला स्वतः बसला. एरवी हा गडी शेणाला वळसा घालून जाणारा. सत्यशीलाला नवल वाटलं, पण सणासुदीला वाद कशाला म्हणून ती पुरणाकडं वळली.

पाखऱ्या तिनं वासरापासून वाढवलेला. त्याची आई मेली तेव्हा हिनं बोटं दुधात बुडवून त्याला चोखायला दिली होती. पुढं तो ऊसतोडीच्या गाडीला लागला, आणि मग कल्याणच्या डोळ्यांत त्याची चाल भरली. कोर्टानं बैलगाड्यांच्या शर्यतींची वाट मोकळी केल्यापासून तिसगावच्या बाजूला जो तो गाडीवान झालेला. बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही, करंट द्यायचा नाही, हे सगळं मैदानाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे. लोक फलकाला सायकली टेकवून शर्यत बघत.

पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी मैदान भरलं. सत्यशीलाला नेणं घरच्यांना भाग होतं, कारण ती पुढं चालल्याशिवाय पाखऱ्या टेम्पोत चढायचा नाही. मैदानावर त्याला उतरवलं आणि कल्याण नुसता त्याच्या मागं येऊन उभा राहिला, तर बैल अंगभर थरथरला. तेव्हा लख्ख उन्हात तिनं नीट पाहिलं. पाठीवर ठिपके विरळ होते. दाट होते ते शेपटीखाली आणि मांड्यांच्या आतल्या अंगाला. तिथं बैलाला कोण नटवतं?

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, मानेला हळद-लोणी चोळून तिचा हात मागं गेला होता तेव्हा पाखऱ्यानं तिला लाथ मारली होती. जन्मात पहिल्यांदा. गोचीड झाले असतील, असं कल्याण म्हणाला, आणि हिनं ते खरं मानलं. आता तिला त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

ती मैदानाकडंच्या पाण्याच्या टँकरवरून बादली भरून घेऊन आली. कल्याणनं कडी धरली.

"वैनी, घरी जा. हितं बाईमानसाचं काय काम न्हाई."

"हात काढ," ती म्हणाली.

तिनं हिसडा देऊन बादली सोडवली आणि पाणी पाखऱ्याच्या मागच्या अंगावर ओतलं. पदरानं घासलं. लाल पाणी त्याच्या खुरांपर्यंत ओघळलं आणि खालचं कातडं उघडं पडलं. जोडीजोडीनं भाजलेले काळे डाग होते, काही जुने, काही अजून ओले.

शर्यत भरवणारा गोरक्षनाथ धावत आला आणि घरचं भांडण घरी न्या म्हणून दटावू लागला. माणसं शिट्ट्या मारत होती. हिला आवरा, असं कुणीतरी मागून ओरडलं. जनावरांच्या डॉक्टर दिशा मॅडमनी थोड्या वेळापूर्वी याच बैलाला खुर्चीतून बघून पास केलं होतं. आता त्या उठून आल्या, खाली वाकल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. करंटच आहे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सत्यशीलाला बाजूला घेऊन समजावलं की तक्रार झाली तर बैल जप्त होऊन गोशाळेत जाईल आणि निकालापर्यंत तिथंच राहील. निकाल कधी लागेल याचा भरवसा नाही. शिवाय कानातला बिल्ला तिच्या नवऱ्याच्या, बिभीषणच्या नावावर आहे, तेव्हा गुन्हा त्याच्यावरही पडेल.

कल्याणनं ते ऐकलं आणि त्याला हसू फुटलं. "लिव्हा की. दादाबी जाईल, बैलबी जाईल. मग बस ठिपके काढत."

बिभीषण इतका वेळ टेम्पोला टेकून उभा होता. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "घरी नेऊ त्याला. कल्याणला मी बगतो."

सत्यशीलानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "तुमाला ठावं हुतं?"

बिभीषण खाली बघू लागला. एवढ्यावर तिचा इतक्या वर्षांचा संसार तिला नकोसा झाला.

"मॅडम, लिव्हा," ती म्हणाली. "मालकाचं नावबी लिव्हा."

दुपारी गोशाळेचा टेम्पो आला. माणसांनी दावं ओढलं, मागून रेटा दिला, पण पाखऱ्या फळीवर पाय ठेवीना. ओढून ओढून त्याच्या नाकातून रक्त आलं. कल्याण सावलीत बसून मजा बघत होता. शेवटी सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ज्याला वाचवायला तिनं घर अंगावर घेतलं, त्याला हातानं लावून देणं तिच्याच वाट्याला आलं होतं. तिला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

तिनं दावं हातात घेतलं आणि फळीवर चढली. पाखऱ्या तिच्या पाठीला नाक लावून मुकाट मागं आला. तिनं त्याला आडव्या दांडीला बांधलं, मानेवरून हात फिरवला आणि बाजूनं खाली उतरली.

टेम्पो हलला तरी त्यानं मान वळवली नाही. ती पुढंच असणार, अशा भरवशानं तो उभा होता.