धक्क्याच्या जीपचा सेल्फ

मी सेल्फ बोलतोय. जीपचा सेल्फ. किल्ली फिरवली की घर्रर्र आवाज करून गाडी जागी होते ना, तिला जागी करणारा मी. म्हणजे होतो. शिकलेले लोक मला स्टार्टर मोटर म्हणतात, पण शिकलेल्या लोकांशी माझा संबंध फारसा आलाच नाही. माझं सगळं आयुष्य शेलूबाजारजवळच्या एका तांड्यात, उदयसिंग राठोडाच्या जीपखाली गेलं.

माझं काम दोन-तीन सेकंदांचं. झोपलेल्या इंजिनाला पहिली ढुशी मी द्यायची आणि ते चालू झालं की मुकाट्याने मागे सरकायचं. मग दिवसभर ते इंजिन ढुर्र ढुर्र करत मिरवणार आणि मालक म्हणणार, "इंजिन लय दमदार हाय आपलं!" माझं नावही कोणी घेत नाही. घेतलंच तर समजावं, आता शिव्या येणार.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या तारा गुंडाळल्या आणि कार्बनच्या चार वड्या बसवल्या. त्या वड्यांमधून वीज आत जाते तेव्हा मी फिरतो. त्या झिजतात. पेन्सिल झिजते तशा झिजतात, त्यात कोणाचा दोष नाही. एवढं लक्षात असू द्या, कारण पुढच्या सगळ्या तमाशाचं मूळ या चार वड्या आहेत.

जीप तांड्यात आली तो दिवस मला आठवतो. उदयसिंगने ऊसतोडीचा कोयता खाली ठेवून स्टिअरिंग धरलं होतं, त्याची छाती गावात मावत नव्हती. त्याच्या बायकोने, चंदाबाईने, बोनेटला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आरशाला हार घातला. मला साधा हळदीचा ठिपका नाही! पण एक गोष्ट झाली. उदयसिंगने आपल्या लहानग्या रुचिकाला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "फिरव वं किल्ली." त्या इवल्या बोटांनी किल्ली फिरवली आणि मी पहिल्यांदा फिरलो. ती टाळ्या वाजवत राहिली. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

हे लोक बंजारा, घरात आपसात त्यांची गोरमाटी बोली बोलतात. पण गाडीशी किंवा गाडीबद्दल बोलायचं झालं की सगळे वऱ्हाडीवर येतात. त्यामुळे मला मिळालेल्या सगळ्या शिव्या वऱ्हाडी आहेत.

पुष्कळ वर्षं मी इमानाने राबलो. शेलूबाजार ते मंगरूळपीर, दिवसात सवाऱ्यांच्या सहा-सहा फेऱ्या. मग माझ्या वड्या झिजल्या आणि एका सकाळी किल्ली फिरवल्यावर माझ्याकडून नुसतं 'टक्' झालं. पुन्हा 'टक्'. गाडी ढिम्म.

झालं! स्टँडवर सभा भरली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर चार जण येतील, गाडी आजारी पडली तर चाळीस. सभेचा अध्यक्ष लखीराम. त्याच्याकडे साधी सायकलही नाही, पण गाडीतलं त्याला सगळं समजतं. त्याने बोनेटवर थाप मारून निकाल दिला, "बॅटरी गेली." नवी बॅटरी आली. मी म्हटलं, टक्. "मंग डिझेलात कचरा हाय." टाकी धुतली. टक्. "किल्लीच झिजली." नवी किल्ली बनवून आणली. टक्. शेवटी लखीराम गंभीर होऊन म्हणाला, "उदयसिंग, तुले कोनाची तरी नजर लागली." त्या दिवसापासून समोर लिंबू-मिरच्या लटकल्या. दर शनिवारी लिंबू बदलायचं, पण गाडीखाली वाकून एकदा माझ्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

मग कोणीतरी शोध लावला की सेल्फवर पाना हाणला की गाडी चालू होते. होते, खरं आहे. आत अडकलेली वडी धक्क्याने हलते आणि थोडा वेळ पुन्हा टेकते. पण त्याला इलाज म्हणतात का हो? तापलेल्या माणसाला थोबाडीत मारली तर तोही घटकाभर उठून बसेल! उदयसिंग रोज सकाळी जीपखाली झोपायचा आणि मला चार तडाखे द्यायचा. सहा महिन्यांत मी पान्यालाही दाद देईनासा झालो.

त्याच सुमारास मंगरूळपीरचे हबीब मिस्त्री स्टँडवर भेटले. गाड्यांची वायरिंग, सेल्फ, डायनामो हे त्यांचं काम. त्यांनी दुरूनच माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "उदयसिंग, बॅटरी-गिटरी काही नाही. सेल्फ गेला तुझा. दुकानावर आन, बदलून देतो."

उदयसिंग म्हणाला, "पाहू."

हे 'पाहू' दोन वर्षं चाललं. कारण तोपर्यंत त्याला उताराची चटक लागली होती.

उतारावर गाडी लावायची, चाकाखाली दगड ठेवायचा. निघताना दगड काढायचा, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा. झाली चालू! सेल्फची गरजच काय? उदयसिंगला वाटलं आपण अख्ख्या कंपनीला फसवलं. मग त्याचं सगळं जगणंच उतारावर आलं. घरासमोर सपाट अंगण असून जीप तांड्याच्या वरच्या चढावर उभी. लग्नाला गेला तर आधी उतार शोधणार, उतार नसला तर गाडी चालू ठेवून जेवणार, आणि अर्धं लक्ष इंजिनाकडे म्हणून बुंदीवर वरण ओतून घेणार. रिठदला सख्ख्या साडूची वास्तुशांती होती, तिथे गेलाच नाही. म्हणे गाव सपाट आहे.

शेलूबाजारच्या स्टँडवर उतार नाही, तिथे धक्का. त्यामुळे तो सवाऱ्यासुद्धा दंड पाहून निवडायचा. चार तगडे गडी दिसले की "या भाऊ, बसा बसा!" म्हातारी बाई दिसली की "माय, मागची जीप पाह्य." लोक भाडं देऊन धक्का मारायचे आणि वर त्याच्याच शिव्या खायचे, "अबे, जोर लावा ना! सकाळी जेवले नाई का?"

मला वाटायचं हा माणूस चिकट आहे, आळशी आहे. तो त्याहून वेगळा आहे हे मला रुचिकामुळे कळलं.

ती टाळ्या वाजवणारी पोरगी आता बावीस वर्षांची झाली होती. वाशिमला जाऊन जीप शिकली, लायसन काढलं. तांड्यातल्या नऊ मुली दहावी झाल्या होत्या आणि त्यांना मंगरूळपीरच्या कॉलेजात नाव घालायचं होतं. एसटी तांड्यात येत नाही. मुलींचे आईबाप म्हणाले, रुचिका गाडी चालवणार असेल तर पाठवतो, नाहीतर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना सोबत नेतो. सोमवारी कॉलेज उघडणार होतं. त्याआधीच्या बुधवारी रुचिकाने बापाला विचारलं.

उदयसिंगने मान हलवली. "अवं, मी कुठी नाई म्हनून राह्यलो? पन गाडीचा सेल्फ खराब हाय. मंगरूळपीरले कॉलेजासमोर सपाट हाय. धक्का कोन मारन? पोट्ट्या मारतीन का?"

"मंग सेल्फ बदला," रुचिका म्हणाली.

"पाहू दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर पोरी ऊस तोडत असतीन, बाबा."

तो उठला आणि चाकाखालचा दगड उगाच पायाने आणखी आत सरकवत बसला. आणि माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. अरे लबाडा! पोरीने स्टँडवर गाडी लावावी, लखीरामच्या सभेसमोरून ती घेऊन जावी, हे ह्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. 'नको' म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मला पुढे केलं. मी बिघडलेला राहणं ह्याच्या सोयीचं होतं. बिघाड माझ्यात चार वड्यांचा, आणि नऊ पोरींचं कॉलेज माझ्या नावावर बुडणार! इतका संताप मला पान्याच्या तडाख्यांनीही आला नव्हता.

शनिवारी सकाळी उदयसिंग नळावर दात घासत होता. रुचिका चढावर गेली, चाकाखालचा दगड काढला आणि स्टिअरिंगवर बसली. शेजारच्या सीटवर कोण, तर चंदाबाई! डोक्यावर पदर, मांडीवर भाकरीचं फडकं. जीप घरंगळली, क्लच सुटला, इंजिन पेटलं. धक्का मारायला एक माणूस लागला नाही. ज्या उताराची ह्याने दोन वर्षं पूजा केली, तोच पोरीच्या कामी आला. मागून उदयसिंग तोंडात ब्रश धरून धावत होता आणि फेसामुळे त्याला नीट ओरडताही येत नव्हतं.

हबीब मिस्त्रींच्या दुकानासमोरची जागा ताटासारखी सपाट. रुचिकाने तिथे जीप उभी केली आणि हात पुढे करून इंजिन बंद केलं.

हबीबभाई दचकले. "अरे बेटी, बंद काहून केली? चालू नाई व्हायची आता!"

"म्हनूनच केली, चाचा. आता ती चालू झाल्याबिगर मी घरी जात नाई."

चंदाबाईने फडकं सोडलं आणि ओट्यावर बसकण मारली.

मग माझी खरी तपासणी झाली. आयुष्यात पहिल्यांदा. हबीबभाईंनी हेडलाइट लावायला सांगितले आणि किल्ली फिरवायला लावली. मी म्हटलं, टक्. लाइट मंद झाले नाहीत. "पाह्य बेटी, बॅटरी तगडी हाय, लाइट डोळा मिटत नाई. वीज सेल्फपावतर येऊन राह्यली, पन हा घेत नाई." त्यांनी वायरी ओढून पाहिल्या, घट्ट होत्या. जाड वायर लावून थेट वीज दिली. माझ्या अंगातून जरा धूर निघाला, बाकी काही नाही. मग बॅटरीची वायर सोडून त्यांनी मला खाली उतरवलं, उघडलं आणि माझ्या चार वड्या तळहातावर घेतल्या. एकेक जेमतेम तुरीच्या दाण्याएवढी उरली होती.

मी मनात म्हणत होतो, नव्या वड्या टाका ना, अजून धावेन मी. पण हबीबभाईंनी माझं आतलं तांबं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "वेळेवर आनला असता तं नुसत्या कार्बनवर भागलं असतं. आता आतून जळून गेला बिचारा." त्या माणसाने मला बिचारा म्हटलं, आणि मला भरून आलं. दोन वर्षांत कोणी धड विचारपूस केली नव्हती.

नवा सेल्फ आला. काळा कुळकुळीत, आगाऊ वाटला मला. तो माझ्या जागी बसत असताना रस्त्यावर एक जीप येऊन थांबली. तिच्यातून उदयसिंग उतरला, लखीराम उतरला, आणि मागून आणखी चार पैलवान! गाडी बंद पडली हे ऐकून हा धक्का मारायला माणसं घेऊन आला होता. चौघांनी बाह्या सारल्या आणि जीपच्या मागे हात टेकले.

"बस माय, मारतो धक्का," उदयसिंग म्हणाला. "झाली ना फजिती?"

रुचिकाने किल्ली फिरवली.

घर्रर्र! एका दमात इंजिन पेटलं. चौघांचे हात हवेतच राहिले. लखीराम हळूच म्हणाला, "मी तं पयलेच म्हनलं होतं, सेल्फ हाय." चंदाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पान खायला निघून गेला.

हबीबभाईंनी मला भंगाराच्या ढिगात टाकायला उचललं, तर उदयसिंग म्हणाला, "राहू द्या, कामी येईन." आणि मी खरंच कामी आलो. कारण संध्याकाळी त्याने सवयीने जीप पुन्हा चढावर लावली आणि चाकाखाली दगडाऐवजी मला ठेवलं. हसा, हसा! ज्याने जन्मभर गाडी चालू केली, त्याच्या नशिबी आता ती अडवून धरणं आलं.

सोमवार उजाडला. नऊ मुली नवे ड्रेस घालून चढावर आल्या. रुचिकाने मला चाकाखालून काढलं, हाताने माती झटकली आणि कडेला ठेवलं. मग जीप खाली सपाट अंगणात घेतली, मुद्दाम बंद केली आणि म्हणाली, "बसा गं." सगळा तांडा बघत होता. किल्ली फिरली. त्या आगाऊ पोराने आवाज दिला आणि मी चढावरून मोठ्याने म्हणालो, शाब्बास! कोणाला ऐकू गेलं नाही.

मालक लोकहो, जाता जाता एक मागणं. तुमच्या घरात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बिघडलेली असेल, आणि तिच्यामुळे एखाद्या पोरीचं काही अडलं असेल, तर एकदा खाली वाकून पाहा. बिघाड लहानसा असतो, तो कोणाला हवा असतो ते विचारा.

बाकी उदयसिंगचं म्हणाल, तर त्या सोमवारी जीप चालू होऊन निघालीसुद्धा, तरी हा मागे धावत गेला, दोन्ही हात टेकवून त्याने एक धक्का मारलाच. जीप वळणावर दिसेनाशी झाली. तो धापा टाकत परत आला, डोळे पुसले आणि चंदाबाईला म्हणाला, "गेली का नाई मग? धक्का मारला मी."

चंदाबाई म्हणाली, "हो जी. तुमच्याच धक्क्यानं गेली."

दुसऱ्या दिवसापासून जीप अंगणात उभी राहते. मी अजून चढावरच पडलेलो आहे.