नियम सात आणि डावा पाय

महाविद्यालयीन फुटबॉल सुरक्षा समितीचा अहवाल म्हणतो : ‘नियम सात लागू झाल्यापासून एकाही खेळाडूला गुडघ्याखाली दुखापत झालेली नाही.’

वाक्य निर्दोष आहे. उपांत्यपूर्व सामन्यात प्रतिस्पर्धी संघाच्या धैर्यशील सासने याने घसरत येऊन इंद्रजित माणगावेला खालून टॅकल केला, तेव्हा इंद्रजितचा डावा पाय गुडघ्यापासून सुटला आणि बूट-मोज्यासकट चेंडूमागे धावत गेला. रक्त आले नाही. समितीच्या डॉक्टरांनी नोंद केली : खेळाडूला गुडघ्याखाली वेदना नाही, कारण गुडघ्याखाली खेळाडू नाही, पाय धावतो आहे, सबब पायालाही इजा नाही. धैर्यशीलला पिवळे कार्डसुद्धा मिळाले नाही. त्याच मिनिटाला पायाने गोल केला.

समितीने आपली विद्वत्ता आणखी पुढे नेली. नियम सातनुसार गुडघ्याखाली टॅकल करण्यास मनाई होती. आणि पाय तर सबंधच गुडघ्याखालचा. त्याला कोणी, कोठेही अडवू शकत नव्हते. उपांत्य सामन्यात बचावपटू अदबीने बाजूला होत राहिले व पायाने पाच गोल केले. कोल्हापुरात असा खेळाडू चालत घरी जात नसतो. पोरांनी पायाला गुलालात माखून खांद्यावरून नेले. इंद्रजित कुबड्या टेकत मागून पोहोचला, तेव्हा आई पायाला तेल लावत होती.

“आई, त्यो माझा पाय हाय.”

“तुझाच म्हणून तर चोळतोय न्हवं. सर जरा. सकाळी त्याला सरावाला जायाचंय.”

पाय गेल्याचे इंद्रजितला फारसे दुःख नव्हते. एकोणीस वर्षे दोघे बरोबर होते, आणि तेवढ्या काळात त्या पायाने एका सामन्यात दोनाहून अधिक गोल कधी केले नव्हते. ओझे कोण होते, हे आता साऱ्या गावासमोर सिद्ध झाले होते. हे मात्र त्याच्या घशाखाली उतरत नव्हते.

तो प्रशिक्षक अत्तार सरांकडे गेला.

“सर, फायनलला मला घ्या. एका पायावर खेळतो.”

“दहा नंबर त्याला दिलाय, इंद्रा.”

“नंबर लावायला त्याला छाती तरी हाय का?”

“मोज्यावर लिवलाय.” सरांनी नजर चुकवली. “शेवटची दोन मिनिटं उतर. फोटोपुरतं.”

अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी अकराही जण गोलरेषेवर खांद्याला खांदा लावून उभे केले. पायाला कोणी शिवत नव्हते, आणि गोलही होत नव्हता. दोन मिनिटे उरली असता इंद्रजित उतरला. गॅलरी “पाय! पाय!” असे ओरडत होती, त्याच्या नावाने एक शिट्टीही वाजली नाही. समोरून पाय चेंडू घेऊन येत होता. इंद्रजितने कुबड्या टाकल्या.

नंतर समितीसमोर एकच प्रश्न होता, तो म्हणजे अहवालातले वाक्य वाचवण्याचा. पाय मैदानाच्या मधोमध आडवा पडला होता आणि हलत नव्हता. अध्यक्षांनी स्वतःचे पेन पुढे केले.

“लिही की बाळ, तोल गेला म्हणून. मिटलं.”

इंद्रजितने लिहून दिलेला जबाब अक्षरशः असा आहे :

‘माझा तोल गेला नाही. त्यानं मला लांबून ओळखलं. त्याला वाटलं मी खेळायला आलोय. त्यानं मला पास दिला. चेंडू माझ्या उजव्या पायाशी येऊन थांबलेला मी बघितला, आणि मग चेंडू सोडून मी त्याच्यावर गेलो.’