चाकाचे तीन फेरे

पितळी पात्याचा तुकडा, रुंदीला दोन बोटं. एक बाजू गुळगुळीत, आणि दुसरी... दुसरीवर देवीचे वण राहावेत तसे खड्डे, बारीक, खोल, एकमेकांत शिरलेले, आणि कुंडलिकचा अंगठा सकाळपासून त्यांवरूनच फिरत होता. खड्यांनी पितळ खरवडलं जातं, लांब ओरखडे उठतात; असं कुरतडल्यासारखं होत नाही — हे आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं. पण ओव्हरसियर केशवरावांनी तुकडा हातातसुद्धा न घेता ‘नदीतले खडे’ असं कागदावर लिहून टाकलं होतं.

कागदात पुढेही होतं. चंद्राबाईने नदीतली जाळी साफ ठेवली नाही, म्हणून खडे पाइपातून वर आले, पंपाचा पंखा फुटला आणि भोर गावाला तीन दिवस पाणी मिळालं नाही. खाली कुंडलिकचा अंगठा तेवढा हवा होता. तो लागला की चंद्राबाईचं काम सुटणार, पंपड्रायव्हर म्हणून कुंडलिक राहणार. काल हे सांगताना केशवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात आठवला की कुंडलिकच्या अंगाची आग व्हायची.

चंद्राबाई आत्ताही नीरेत कमरेइतक्या पाण्यात उभी होती, पाइपाच्या तोंडाची जाळी हाताने चाचपून शेवाळ काढत होती. मग ती घागर भरून घाटाच्या पायऱ्या चढणार, पंपाच्या पोटात ओतणार, पुन्हा उतरणार... पोट काठोकाठ भरल्याखेरीज हा पंप पाण्याचा थेंब उचलत नाही. चार वर्षं, रोज सात घागरी. आणि म्हणे हिने जाळी साफ केली नाही!

चार वर्षांपूर्वी पंप बसवायला आलेला फिटर विडी ओढत म्हणाला होता, ‘पंप पाणी ओढत नसतो, गड्या. बाहेरची हवा पाण्याला दाबते, म्हणून ते पाइपात चढतं. वीस फुटांच्या वर हवेचा दम सरत येतो. पंप खाली बसवायला सांग साहेबाला.’ साहेब, म्हणजे केशवरावच, तेव्हा पुराची खूण बोटाने दाखवत होते. पंपघर त्या खुणेच्या वर, उंच काठावरच हवं होतं त्यांना. आणि कुंडलिक? तो पूजेचा नारळ हातात धरून उभा होता, शेंडी नीट सोलली आहे का ते बघत. तोंडातून शब्द निघाला नाही. या चैत्रात नदी आटत आटत तेवीस फुटांवर गेली तेव्हा तो न निघालेला शब्द पंपात कडकड वाजू लागला होता.

सातवी घागर ओतून चंद्राबाई बाहेर पायरीवर टेकली. कुंडलिकने वर जाणाऱ्या पाइपाच्या झडपेचं चाक घट्ट बंद केलं आणि इंजिन सुरू केलं. यावरूनही बोलणी खाल्ली होती त्याने — बंद तोंडाने पंप चालवतोस, फोडशील एक दिवस! पण चाक बंद असलं की दाबाचा काटा सगळ्यात वर आणि इंजिन मात्र एकदम हलकं चालतं. पाणी वाहू लागलं की काटा उतरतो, भार चढतो. साहेबांना उलटं वाटायचं, आणि साहेबांना वाटलं की सगळ्या भोर संस्थानाला वाटलं. मात्र तोंड बंद ठेवून फार वेळ चालवलं तर आतलं पाणी तापतं, हेही कुंडलिकला ठाऊक होतं. चार वर्षं म्हणजे फार वेळ झाला होता.

केशवराव आले ते कागद आणि शाईची डबी घेऊनच.

“पूर्ण उघड. गावची टाकी दोन तासांत भरली पाहिजे.”

कुंडलिकने चाक शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन कण्हू लागलं, पट्टा थरथरला, आणि पंपाच्या पोटात कडकड सुरू झाली, मूठभर खडे तांब्यात घालून हलवावेत तशी.

“ऐक! नवा पंखा कालच बसवला, तरी खडे आलेच. ही बाई जाळी—”

“आता ऐका, रावसाहेब.”

त्याने चाक उलटं फिरवलं. एक फेरा. दोन. तीन. कडकड बारीक झाली, मग थांबलीच. आत नुसता पाण्याचा घुमारा राहिला.

“खडं कुठं गेलं, रावसाहेब? जाळी तीच हाय, नदी तीच हाय. पानी तेवीस फूट खाली गेलंय. चाक पुरं उघडलं की पंप मागंल तेवढं पानी वर येत न्हाई, मंग तो आतल्या आत पितळ खातो. तीन फेरं कमी ठेवा, टाकी तीन तासांत भरंल. पर भरंल.”

केशवराव पंपाकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं होतं. न आल्यासारखं करत त्यांनी शाईची डबी पुढे केली.

“अंगठा कर.”

“न्हाई.”

“मग पंपघराची किल्ली तुझ्याकडे राहणार नाही.”

“नगा ऱ्हाऊ दिऊ.”

“सायंकाळी येतो. विचार करून ठेव,” म्हणत त्यांनी कागद आणि डबी खिडकीत ठेवली आणि ते निघून गेले.

“काय म्हनत हुतं सायेब?” चंद्राबाईने पदराने तोंड पुसत विचारलं.

“तुजं नाव घेत हुतं, आक्का. जाळीपायी. म्या न्हाई म्हनलं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पंपाकडे. “खडं नव्हतंच कंदी,” ती म्हणाली आणि घागर उचलून पायऱ्या उतरू लागली.

कुंडलिकने पंपाच्या अंगावर तळवा टेकवला. थंड होतं ते, आणि कंप सरळ होता. आता भीती वाटायला हवी, असं त्याला वाटलं. घर होतं, पोरं होती, किल्ली जाणार होती... त्याने भीतीची वाट पाहिली. ती काही येईना. खिशातला पितळी तुकडा काढून त्याने खिडकीतल्या कागदावर ठेवला, खड्ड्यांची बाजू वर करून. साहेब सायंकाळी येतील, तेव्हा हा तुकडा आधी त्यांच्या हातात द्यायचा, बोट फिरवायला लावायचं... आणि पंपघर उंचावर बसलंय, हेही सांगायचं, चार वर्षांपूर्वीचं. उन्हं अजून डोक्यावर होती, आणि कुंडलिकला सायंकाळची घाई झाली होती.