अदलाबदलीची सकाळ

तिने चिठ्ठी उघडली, नाव वाचलं आणि चिठ्ठी पुन्हा मिटली. एवढ्या मोठ्या विद्यापीठात, इतक्या शास्त्रज्ञांच्या गर्दीत, तिच्या वाट्याला नेमकी सख्खी नणंद आली होती.

विद्यापीठाच्या या वार्षिक परिसंवादाची एक खोड होती. पहिला दिवस चारचौघांसारखाच जाई: भाषणं, चहा, पुन्हा भाषणं. दुसऱ्या दिवशीच्या कार्यशाळेत मात्र स्वतःच्या कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, दोघं दोन वेगळ्या विषयांचे. तासाभरात एकमेकांचं काम समजून घ्यायचं आणि मग व्यासपीठावर जाऊन दुसऱ्याचं काम सांगायचं. ज्याचं काम असेल त्याने पहिल्या रांगेत तोंड मिटून बसायचं. मध्येच बोलला, की टेबलावरची घंटी वाजे. ती वाजवणारे निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ घंटीवाले सर म्हणूनच ओळखले जात.

नणंद भूकंपशास्त्र विभागात होती. सगळं विद्यापीठ तिला भूकंपबाई म्हणे, आणि ते केवळ विषयावरून नव्हे.

"अगंबाई, तू होय!" खुर्ची ओढत नणंद म्हणाली. "घरी कमी पडतं म्हणून इथेही माझीच चिठ्ठी उचललीस?"

"मुद्दाम नाही उचलली, ताई."

"ते माहीत आहे गं. मुद्दाम तू मला कशाला उचलशील!"

खिडकीजवळच्या टेबलावर दोघी बसल्या. तिने लॅपटॉप उघडला आणि जमेल तितक्या शांतपणे सांगायला सुरुवात केली. माशाच्या त्वचेच्या पेशींचा पातळ थर काचेच्या बशीत वाढवायचा. त्यावर एक ओरखडा काढायचा, ही त्या थराची जखम. मग पेशी दोन्ही काठांवरून सरपटत येतात आणि ती फट बुजवतात. हे सारं सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित करताना तिला दिसलं होतं, की सरपटता सरपटता सगळ्या पेशी एकदम थांबतात, जणू दम खातात, आणि पुन्हा निघतात. चार वर्षांचं काम होतं. त्यावरचा लेख एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला होता. छपाईपूर्वीची शेवटची प्रत तिच्याकडे आली होती आणि तिने फक्त 'होय' कळवायचं होतं, आज संध्याकाळपर्यंत.

आठवडाभर ते 'होय' तिच्या हातून जात नव्हतं. पेशींचं थांबणं फार नेटकं होतं. जिवंत वस्तू इतक्या शिस्तीत वागत नाही, असं तिला आतून वाटे. पण वाटणं हा काही पुरावा नव्हे, म्हणून ती कुणाजवळ बोलली नव्हती, नवऱ्याजवळही नाही.

नणंदेने चष्मा कपाळावर चढवला आणि लॅपटॉपवरच्या, पेशींच्या वेगाच्या आलेखाशी नाक नेलं. थट्टा नाही, टोमणा नाही.

"हे थांबणं इतकं नेमाने कसं गं?"

"तोच तर शोध आहे, ताई."

"माझं एखादं यंत्र असं नेमाने थरथरलं ना, तर मी भूकंप नाही शोधत. आसपास पाण्याचा पंप कुठे आहे ते बघते. ट्रक, लिफ्ट, कुणी आपटलेलं दार, हे सगळं वजा करण्यात आमचं निम्मं आयुष्य जातं. पेशींना ऊब कशाने देता?"

"सूक्ष्मदर्शकाभोवती पेटी आहे. त्यात हीटर आणि पंखा."

"सतत चालतो?"

"नाही. पेटी गार झाली की आपोआप सुरू होतो."

"ऊठ," नणंद म्हणाली.

प्रयोगशाळेत एका बशीचं चित्रण चालूच होतं. नणंदेने पर्समधून काड्यापेटीएवढा कंपनमापक काढला, सूक्ष्मदर्शकाच्या बैठकीवर चिकटपट्टीने बसवला आणि मोबाइलवर त्याची रेघ लावली. रेघ सपाट चालली होती. दोघी पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

टक् करून पंखा सुरू झाला. रेघ उसळली. पडद्यावरचं चित्र केसभर हललं, आणि पेशींचा माग काढणाऱ्या संगणकाची नजर चुकली. त्याने हालचाल शून्य म्हणून नोंदवली. पेशी मात्र पडद्यावर स्पष्ट दिसत होत्या, आपल्या वाटेने मुकाट सरपटत. पंखा थांबला आणि आलेख पुन्हा चालू लागला.

"पुन्हा बघू," ती स्वतःच म्हणाली. पुन्हाही तसंच झालं. मग तिने आपल्या हाताने पंखा बंद केला. आणखी एक थांबा यायची वेळ आली आणि गेली. थांबा आला नाही.

चार वर्षांत तिच्या गटाने मासे बदलले होते, बशा बदलल्या होत्या, पेशींचं खाद्य बदललं होतं. पंख्याकडे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी खांदे आपसूक खाली आले, आणि ते इतके दिवस वर होते हेही तेव्हाच कळलं.

"मला शंका होती, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? सगळे पार्टी मागत होते."

"मला बोलायचंस."

"तुम्हाला? तुम्ही तर दर वेळी ताटावर बसलं की सगळ्यांसमोर विचारता, काय गं, भरली का तुझी जखम?"

नणंद पहिल्यांदाच गोरीमोरी झाली. "अगं, मग दुसरं काय विचारू? मला त्यातलं तेवढंच कळायचं!"

जिन्यातच तिने संपादकांना लिहिलं: लेख छापू नये, मोजमापात चूक सापडली आहे, सविस्तर उद्या कळवते. प्रत विभागप्रमुखांना. मन बदलायच्या आत पाठवूनही टाकलं.

"वर जाऊन काय सांगू?" सभागृहाच्या दाराशी नणंदेने विचारलं.

"दिसलं ते सगळं."

भूकंपबाईने ते सगळं सांगितलं, हातचं काही न राखता. पंख्याचा उल्लेख येताच सभागृह हसलं. विभागप्रमुख मात्र हातातल्या मोबाइलकडे बघत होते. ते उभे राहिले. "म्हणजे चार वर्षं पाण्यात?"

ती तोंड मिटून बसली होती. नणंदेने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"पाण्यात कशी जातील, सर? पंखा बंद असतानाचं सगळं चित्रण शाबूत आहे. पेशी किती वेगाने चालतात, काठावरच्या आधी की मागच्या, हे तिने इतकं बारीक मोजलंय, की मला तासाभरात कळलं. आणि मी दगडांची माणूस आहे!"

विभागप्रमुखांनी कपाळ पुसलं. "छापून आल्यावर कळलं असतं, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. बरं झालं बाई," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

तेवढ्यात तिचा मोबाइल थरथरला. संपादकांचं उत्तर होतं: छपाई थांबवली आहे, वेळेत कळवलंत, आभार. तिने ते दोनदा वाचलं. आठवड्यात पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली.

"आता उलट जोडी," घंटीवाले सर म्हणाले.

तेव्हा कुठे दोघींच्या लक्षात आलं, की अख्खा तास एकीच्याच कामात गेला होता. नणंदेच्या संशोधनाचं तिने शीर्षकसुद्धा ऐकलं नव्हतं. व्यासपीठावरून उतरलेल्या नणंदेने तिचं मनगट धरलं.

"अगं, तू काय बोलणार आता? माझी लाज जाईल!"

"तुम्ही बसा हो, ताई."

कालपर्यंत अशा वेळी तिने काहीतरी सबब काढली असती. आज ती पायऱ्या चढली, माइक आपल्या उंचीला खाली ओढला आणि म्हणाली, "यांचं काम काय आहे, ते मला कळलेलं नाही. आमचा तास माझी चूक शोधण्यात गेला. पण ती चूक यांनी कशी शोधली, ते मी उभं राहून बघितलंय. तेवढं सांगते."

आणि तिने फळ्यावर एक सपाट रेघ ओढली.