दोन मिलिमीटरची चकती

"सांभाळून हं भाऊ, फरशी ओली आहे," मास्तरांचा साडू म्हणाला. खरं तर जड खोकं त्याच्या हातात होतं आणि मास्तर नुसते दार धरून उभे होते. पण हा माणूस असाच. ओझं स्वतः उचलायचं आणि वर काळजी दुसऱ्याची करायची. मास्तरांच्या पोटात तिथूनच दुखायला लागलं.

रबराच्या कारखान्यातली ती तपासणीची खोली. एक लांब टेबल, त्यावर जाड लोखंडी पाट, भिंतीला नमुन्यांचे ट्रे आणि जळक्या रबराचा न जाणारा वास. माल किती कडक, किती मऊ, हे इथे ठरायचं आणि ते ठरवायचे मास्तर. घड्याळाएवढं यंत्र मुठीत धरायचं, रबरावर दाबायचं, खालची बारीक सुई रबरात किती शिरते ते वरचा काटा दाखवतो. मऊ रबराला आकडा कमी, कडक रबराला जास्त. मास्तरांनी दाबलं, काटा थांबला, विषय संपला. सगळा कारखाना त्यांना उगाच मास्तर म्हणत नव्हता.

पण अलीकडे आकडे जुळेनासे झाले होते. सकाळी साठ आलेला नमुना दुपारी पंचावन्न दाखवायचा. एका गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. सगळे म्हणाले, यंत्र म्हातारं झालं. मास्तरही मान डोलावून म्हणाले, हो, म्हातारं झालं. यंत्र ठणठणीत होतं. मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला होता, आणि ते इथे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी गोदामात, पोती मोजायला. म्हणून मापायची वेळ सोडली तर कारखान्यात त्यांचा उजवा हात कायम कोटाच्या खिशात असायचा.

खरेदीच्या साहेबांनी नवीन यंत्र घ्यायचं ठरवलं. साहेब कागदावरचा भाव वाचण्यात पटाईत, रबर मात्र त्यांनी टायरलाच पाहिलेलं. "निवड तुमची, मास्तर. तुम्ही बोट ठेवाल ते घेऊ." मास्तरांनी नियम काढला, विक्रेत्यानेच यंत्र चालवून दाखवायचं, नमुने तेवढे आपण देणार. साहेबांना हा नियम फार चोख वाटला. त्यामागे खिशातला हात आहे हे त्यांना कसं कळणार?

आदल्या दिवशी दोघे विक्रेते येऊन गेले होते. एकाचं काट्याचं, दुसऱ्याचं आकडे उजळणारं, दोन्ही मुठीत धरून दाबायची. आज तिसरा. तिसरा म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

हा साडू घरात मास्तरांच्या मागून आला आणि पुढे जाऊन बसला. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर तोच, मेहुण्याचं भांडण मिटवायचं तर तोच. मास्तरांच्या घरचा गळका नळसुद्धा त्यानेच दुरुस्त केला, तोही जेवणाआधी हात धुता धुता. "भावोजींचं बघा जरा," हे बायकोचं वाक्य मास्तरांच्या कानात कायमचं वस्तीला आलं होतं. केस अजून काळे. हसणं मोकळं. चांगली नोकरी सोडून त्याने यंत्रं विकायचं स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा मास्तरांना वाटलं, आता तरी आपटेल. तर ते दुकानही हळूहळू चालायला लागलं. मोठ्या कारखान्यातली ऑर्डर तेवढी अजून मिळाली नव्हती. ती मिळाली की बाकीच्यांची दारं आपोआप उघडणार होती.

आणि सगळ्यात झोंबलं होतं ते गेल्या रविवारी. साडू घरी आला होता. बायकोने त्याला चहा दिला तो काठोकाठ, आणि नवऱ्याला अर्धा कप. हे पहिल्यांदा नव्हतं, कित्येक दिवस चाललं होतं. तो अर्धा कप मास्तरांच्या मनातून जात नव्हता.

साडूने खोकं उघडलं. आत यंत्र होतं आणि एक भक्कम लोखंडी स्टँड. "साहेब, यात हाताचा संबंधच नाही," तो सांगू लागला. "दांडी सोडली की वजन आपणहून खाली येतं. दर वेळी तेवढंच, तसंच. माणसाचा हात आज एक, उद्या एक. रबरासाठी हे मुंडकं, कडक प्लास्टिकसाठी हे दुसरं, याची सुई टोकदार आहे."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाचा हात आज एक, उद्या एक! म्हणजे आम्ही इतकी वर्षं इथे काय गवत उपटलं?

प्लास्टिकच्या झाकणावर आकडा बिनचूक आला. साहेबांचा चेहरा खुलला. "वा! आता रबर."

मास्तरांनी डाव्या हाताने ट्रे ओढला. ट्रेमध्ये रबराच्या चकत्या होत्या, प्रत्येक दोन मिलिमीटर जाड. अशा पातळ चकत्या एकावर एक तीन ठेवून मग मापायचं, हे या धंद्यातलं बाळसुद्धा जाणतं. नाहीतर सुईला खालचं लोखंड जाणवतं आणि मऊ रबर कडक दिसतं. काल दोघांना त्यांनी तीन-तीनच दिल्या होत्या. आज त्यांची बोटं ट्रेवर क्षणभर थबकली. त्यांना काठोकाठ भरलेला कप दिसला. त्यांनी एकच चकती उचलली आणि लोखंडी पाटावर ठेवली.

साडूने चकतीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मग दांडी सोडली.

"अठ्ठ्याहत्तर," साहेबांनी वाचलं. "काल दोघांचा साठ आला होता ना हो?"

"साठच आला होता," मास्तर म्हणाले.

आता हा बोलणार, मास्तरांना वाटलं. आता हा सगळं उघडं पाडणार. त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण साडूने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "माझंच काहीतरी बसवायचं राहिलं असेल, साहेब. माफ करा. आज गाडी नाही, उद्या सकाळी येऊन घेऊन जातो."

साहेब निघून गेले. साडूही गेला, जाताना "येतो भाऊ" म्हणून. मास्तरांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. फुटल्या थोड्या, पण लगेच विरल्या.

संध्याकाळी घरी बायको खुशीत होती. "धाकटीचा फोन होता. भावोजी म्हणे तुमचं फार कौतुक करत होते. म्हणाले, भाऊंसारखं काटेकोर काम करणारा माणूस नाही बघितला. यंत्र माझंच चुकलं."

इतक्या वर्षांत बायकोच्या तोंडून पहिल्यांदा नवऱ्याचं कौतुक ऐकू आलं, आणि तेही साडूने केलेलं! मास्तरांनी ताट पुढे ढकललं. हरवलं तरी हा माणूस वरच. हरूनसुद्धा आपल्याला पहिला नंबर मिळू देत नाही.

"एवढा पुळका असेल तर त्यालाच जेवायला बोलव रोज," ते फिस्कारले. "चहा तर त्याला भरभरून देतेसच. मी म्हणजे अर्ध्या कपाचा धनी."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, अर्धा का देते ते खरंच कळलं नाही तुम्हाला?"

"काय कळायचंय त्यात?"

"भरून दिला की बशीत सांडतो तुमचा. मग तुम्ही बशी लपवता. म्हटलं, उगाच कशाला." तिने खाली बघत ताटातलं आवरलं. "त्या रविवारी भावोजींच्याही लक्षात आलं. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं त्यांनी. म्हणाले, दुकानात हलकी यंत्रं पुष्कळ आहेत, पण मी दांडीवालंच नेतो. त्यात हाताचं काम नाही. भाऊंचं काम टिकेल आणि कुणाला कळायचंही नाही."

मास्तरांनी उजवा हात टेबलाखाली घेतला, मग उगाचच पुन्हा वर ठेवला. रात्रभर त्यांना त्या माणसाचा राग येत राहिला. वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

सकाळी साडू आला तेव्हा मास्तर आधीच खोलीत होते. यंत्र अजून स्टँडवर होतं. साडू स्क्रू सैल करायला वाकला.

"कळलं होतं ना तुम्हाला?" मास्तर म्हणाले. "चकती एकच होती ते."

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचे साहेब उभे होते तिथे, भाऊ." साडू स्क्रूकडेच बघत होता. "घरातलं भांडण घरात. माझं काय, दुसरीकडे कुठे मिळेल ऑर्डर."

तेवढ्यात साहेबच दारात आले. "काय मास्तर, कुणाचं ठरवलं? परवाच्या त्या आकड्यांवाल्याची ऑर्डर टाकून देऊ ना?"

हो म्हणायला एक मान हलवली असती तरी पुरे होती. ऑर्डर गेली असती, हात खिशात राहिला असता, आणि उद्यापासून मुठीत धरायचं नवं यंत्र पुन्हा पंचावन्न-साठ करत बसलं असतं. मास्तरांनी साडूकडे पाहिलं. जळफळाट गेला नव्हता, तो होता तिथेच होता. असला मोठ्या मनाचा माणूस नेमका आपल्याच वाट्याला साडू म्हणून का यावा, हे त्यांना आजही पटत नव्हतं.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "याचं माप परत घ्यायचंय. काल चकती एकच ठेवली होती. चूक यंत्राची नव्हती, मी मुद्दाम ठेवली."

"मुद्दाम?"

"ते सांगतो मागाहून. आणि आपला माल परत आला, त्यातही जुन्या यंत्राचा दोष नव्हता."

त्यांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला. त्याच हाताने ट्रेमधली एक चकती उचलली, ती पाटावर ठेवली. दुसरी ठेवताना ती घरंगळली. साडू पुढे झाला नाही. मास्तरांनी ती पुन्हा उचलली, नीट बसवली, आणि तिसरी ठेवली. मग हात दांडीवर ठेवला. बोटं दांडीवर थरथरत होती, अगदी उघडपणे, दिवसाउजेडी. त्यांनी दांडी सोडली. वजन आपल्या चालीने खाली आलं.

काटा साठवर येऊन थांबला आणि हलला नाही.

साहेब काट्याकडे बघतच नव्हते. ते मास्तरांच्या हाताकडे बघत होते. साडू मात्र खाली वाकून, डोळे बारीक करून काट्याकडेच बघत राहिला.

"साठ," तो म्हणाला. "बरोबर आहे, भाऊ."